गरोदरपणात रक्तातले एन्झाइम : लॅबच्या खिडकीवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत पॅथॉलॉजी लॅब चालवताना रोज दिसणारी गोष्ट म्हणजे, रिपोर्ट हातात पडला की माणसं आकडा वाचत नाहीत, आकड्याशेजारची चांदणी, म्हणजे छापील मर्यादेबाहेरच्या आकड्यापुढे येणारी खूण, बघतात. 'मॅडम, ह्यापुढं चांदणी का आलीया?' इथूनच बोलणं सुरू होतं. गरोदर बाईच्या कागदावर ही चांदणी दोन्ही बाजूंनी फसवते. काहीच बिघडलेलं नसतं तिथे ती ठळक उगवते, आणि लक्ष द्यायला हवं तिथे कधी कधी उगवतच नाही. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढले आहेत.

एन्झाइम म्हणजे काय? ते रक्तात कशाला येतात?

शाळेच्या पुस्तकात 'विकर' असा शब्द होता. तो परीक्षेबरोबर संपला. पेशींच्या आत रासायनिक कामं उरकणारी ही प्रथिनं. त्यांची जागा पेशीच्या आत असते. पेशी जुनी होऊन मोडते तेव्हा थोडी रक्तात सांडतात, म्हणून निरोगी माणसाच्या रक्तातही थोडी सापडतातच. एखाद्या अवयवाला इजा झाली की सांडणं वाढतं. एसजीपीटी मुख्यतः यकृतातलं. एसजीओटी यकृतात असतंच, शिवाय हृदयात, स्नायूंत आणि तांबड्या पेशींतही. एलडीएच तर जवळजवळ सगळीकडे. त्यामुळे एकट्या एलडीएचवरून कुठे बिघडलंय हे सांगता येत नाही, कुठेतरी पेशी मोडताहेत एवढंच कळतं.

मशीन ते मोजतं कसं?

हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. एकदा नवव्या महिन्यातल्या विज्ञानाच्या एका शिक्षिकेने विचारला आणि मला फार बरं वाटलं.

खरं म्हणजे आम्ही एन्झाइम मोजत नाही, त्याचं काम मोजतो. गुऱ्हाळात आत किती माणसं राबताहेत हे बाहेरून ओळखायचं असेल तर तासाला उसाच्या किती मोळ्या संपतात ते बघावं, तसं. एसजीपीटीच्या तपासणीत नळीत असा पदार्थ असतो जो ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो. एन्झाइमने सुरू केलेल्या क्रियेत तो पदार्थ खर्च होत जातो आणि प्रकाश जास्त पार होऊ लागतो. हा बदल जितका झपाट्याने, तितकं एन्झाइम जास्त. तापमान ३७ अंशांवर धरलेलं असतं. मिनिटाला एक मायक्रोमोल पदार्थ पालटवणारं काम म्हणजे एक युनिट, आणि ते एक लिटरच्या हिशेबात लिहायचं.

काम मोजायचं म्हटल्यावर पद्धत बदलली की आकडाही थोडा हलतो. सोमवारी एका लॅबचा ३८ आणि गुरुवारी दुसऱ्या लॅबचा ४३, यावर घरात भांडण नको. दर आठवड्याला तपासायचं असेल तर लॅब एकच ठेवा.

प्रत्येक गरोदर बाईला ही तपासणी लागते का?

नाही. हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, एचआयव्ही, कावीळ बी (हिपॅटायटिस बी), सिफिलिस या नेहमीच्या. एलएफटी, म्हणजे यकृताची तपासणी, डॉक्टर कारण असेल तेव्हा लिहितात. बीपी वाढलं, अंगाला खाज सुटली, उलट्या थांबत नाहीत, डोळे पिवळे दिसतात, वरच्या पोटात दुखतंय, टीबीची औषधं चालू आहेत, ही ती कारणं. मैत्रिणीने केली म्हणून आपणही करावी, अशी ती तपासणी नव्हे.

अल्कलाइन फॉस्फटेज २१० आलंय, पुढे चांदणी आहे. लिव्हर खराब झालं का?

सगळ्यात जास्त रडारड याच प्रश्नावर होते, आणि सगळ्यात निर्धास्त उत्तरही याचंच आहे. नववा महिना असेल आणि बाकीचे आकडे ठीक असतील, तर हे एन्झाइम बहुतेक यकृतातून आलेलंच नाही. ते वारेतून, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लेसेंटातून, आलंय. वार स्वतःचं अल्कलाइन फॉस्फटेज बनवते, शेवटच्या तीन महिन्यांत ते आईच्या रक्तात भरपूर उतरतं आणि एकूण आकडा दुप्पट, कधी त्याहूनही वर जातो. कागदावर छापलेली १२०-१३० ची मर्यादा गरोदर नसलेल्या माणसांची आहे. मशीनला तुमचं पोट दिसत नाही.

शंका राहिलीच तर डॉक्टर जीजीटी हे यकृत-पित्तनलिकेतलं दुसरं एन्झाइम बघतात. ते वारेतून येत नाही आणि गरोदरपणात वाढतही नाही. फॉस्फटेज वर आणि जीजीटी जागेवर असेल, तर स्रोत वार किंवा हाडं. दोन्ही वर असतील, तर यकृत आणि पित्तनलिकेकडे बघायचं.

वारेचं हे फॉस्फटेज भलतं चिवट असतं. एरवीचं एन्झाइम उष्णतेने मोडतं, हे तापवलं तरी टिकतं, आणि जुन्या काळी याच गुणावरून ते वेगळं ओळखत. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांत आकडा आपोआप खाली येतो. त्यासाठी औषध नाही, पथ्यही नाही.

एसजीपीटी ४६ आलंय. 'दिवस गेल्यावर वाढतंच,' असं जाऊबाई म्हणाल्या. खरं का?

जाऊबाईंनी फॉस्फटेजचं ऐकलेलं इथे लावलं. एसजीपीटी आणि एसजीओटी निव्वळ गरोदर असण्याने वाढत नाहीत. उलट रक्तातलं पाणी ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे हे आकडे जरा खालीच राहतात. गरोदर बायकांत एसजीपीटी साधारण ३०-३२ च्या आत असतं. लॅबच्या कागदावर मर्यादा मात्र ४० किंवा त्याहूनही वरची छापलेली असते.

म्हणजे ३८ ला चांदणी येत नाही, पण बीपी चढत असलेल्या सातव्या महिन्यातल्या बाईचा ३८ मला आवडत नाही. अशा वेळी मी रिपोर्ट नुसता पाठवत नाही, डॉक्टरांना फोन करते. याचा अर्थ ४६ ला घाबरून रात्री दवाखाना गाठायचा असा नाही. कारण शोधायचं आणि काही दिवसांनी पुन्हा बघायचं. पण 'गरोदरपणामुळे असेल' म्हणून कागद फाईलला लावून विसरू नका.

आठवा महिना आहे, छातीच्या खाली दुखतंय, मळमळतंय. पित्त असेल ना?

असेलही. पण याच वाक्यावर बायका दोन-दोन दिवस घरी काढतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा वर गेलं आणि लघवीत प्रथिनं आली किंवा यकृत, किडनी, प्लेटलेट यांपैकी काही बिघडलं, की त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. एसजीपीटी-एसजीओटी मर्यादेच्या दुप्पट जाणं ही त्यातली गंभीर खूण. याचंच एक वाईट रूप म्हणजे हेल्प सिंड्रोम. त्यात तांबड्या पेशी मोडतात, यकृताची एन्झाइम चढतात आणि प्लेटलेट घसरतात. आकड्यांत सांगायचं तर एलडीएच ६०० च्या वर, एसजीओटी ७० च्या वर, प्लेटलेट १ लाखाच्या खाली.

दुखणं उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खळगीत असतं. यकृत सुजून त्याच्यावरचं आवरण ताणलं जातं, म्हणून. हुबेहूब अॅसिडिटीसारखं वाटतं, आणि घरात जिरं-सोडा सुरू होतो. सोबत डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तोंड-हात सुजलेत, असं काही असेल तर एकही तास घरी थांबू नका. काही बायकांत बीपी फारसं चढलेलं नसतानाही हेल्प होतो, आणि काहींना तो बाळंतपणानंतर, बहुतेक पहिल्या दोन दिवसांत गाठतो. 'आता बाळ झालं, सुटलो,' असं म्हणायला तिसरा दिवस उजाडू द्या.

इथे आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. एसजीपीटी सकाळी ६० आणि संध्याकाळी १४० असेल, तर तो १४० एकट्याने आलेल्या १४० पेक्षा फार वेगळा. म्हणून डॉक्टर सहा-आठ तासांनी पुन्हा रक्त घ्यायला लावतात. लॅबवाले बिल वाढवतात, असं नातेवाईक बाकावर बसून बोलतात ते आम्हाला ऐकू येतं.

रात्री तळहात-तळपाय खाजतात, पुरळ मात्र नाही.

खोबरेल लावून बघितलं असेलच. पुरळ नसलेली, रात्री वाढणारी, तळहात-तळव्यांची खाज शेवटच्या तीन महिन्यांत सुरू झाली, तर यकृतात पित्त अडकण्याचा गरोदरपणातला आजार बघावा लागतो. यात एसजीपीटी वाढतं, पण खरी तपासणी बाईल अॅसिडची, म्हणजे पित्तातल्या आम्लांची. ते एन्झाइम नव्हे. खाज आधी येते आणि आकडे मागून चढतात असंही होतं, त्यामुळे पहिला रिपोर्ट चांगला आला आणि खाज तशीच राहिली तर आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

लहान लॅब हा नमुना मोठ्या शहरात पाठवतात, रिपोर्टला एक-दोन दिवस लागतात. बाईल अॅसिड १९ च्या आत असेल तर बरं, १०० किंवा वर गेलं तर बाळाच्या जिवाला धोका वाढतो आणि डॉक्टर प्रसूती ३५-३६ व्या आठवड्यातच करायचं ठरवू शकतात. मधल्या आकड्यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. आईची खाज बाळंतपणानंतर जाते, पण पुढच्या खेपेला परत येऊ शकते. तेव्हा पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.

दुसरा-तिसरा महिना, उलट्यांनी जीव नको झालाय. त्यात एसजीपीटी वाढलं.

उलट्या फार झाल्या, सलाईन लावायची वेळ आली, तर यकृताची एन्झाइम वाढलेली अनेकींत दिसतात. सहसा २०० च्या आत राहतात आणि उलट्या थांबल्या की उतरतात. हजारात गेली तर उलट्यांवर ढकलू नये, दुसरं कारण शोधावं.

डोळे पिवळे झालेत. आधी काविळीची माळ घालून बघू का?

नको. चार-पाच महिन्यांची पोटुशी असो की दिवस भरलेली, आधी रक्त द्या, मग माळेचं बघू.

आपल्याकडे पिण्याच्या पाण्यातून पसरणारी कावीळ दोन प्रकारची, ए आणि ई. एरवी दोन्ही बहुतेक वेळा आपोआप बऱ्या होतात, आणि माळेला, नाकातल्या थेंबांना आणि चुन्याच्या पाण्याला यश मिळतं ते याच आपोआप बरं होण्यातून. माळ लांब होत जाते ती आतले देठ सुकून आकसतात आणि दोरा सैल पडतो म्हणून. पण कावीळ ई गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, वेगळीच वागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे शेवटच्या तिमाहीत ई झालेल्या बायकांपैकी २० ते २५ टक्क्यांपर्यंत दगावू शकतात. माळ लांब होण्याची वाट बघायला इथे वेळच नसतो.

विषाणूंच्या काविळीत एसजीपीटी शेकड्यांत नव्हे, बऱ्याचदा हजार-दोन हजारांत असतं. पण मोठा आकडा म्हणजे मोठा धोका असा सरळ हिशेब नाही. यकृताच्या पेशी संपत आल्या की सांडायला काही उरतच नाही आणि आकडा खाली येतो. अशा वेळी नातेवाईक पेढे आणायच्या बेतात असतात आणि डॉक्टर रुग्णाला मोठ्या दवाखान्यात हलवायच्या. रक्त गोठायला लागणारा वेळ, म्हणजे पीटी-आयएनआर, ग्लानी आणि साखर, यांवरून खरी स्थिती कळते.

सांगलीकरांना पुराचं सांगायला नको. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी घरात आलेलं आपण पाहिलंय. पूर ओसरल्यावर नळाला येणारं पाणी स्वच्छ दिसलं तरी गरोदर बाईसाठी उकळूनच घ्या. कावीळ ई चा विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जाऊ शकतात, त्यामुळे पुराचं दुखणं गणपती-नवरात्रात उगवू शकतं.

एसजीपीटी नॉर्मल आहे, म्हणजे कावीळ बी नाही ना?

असं नाही. बी वर्षानुवर्षं शांत बसून राहते आणि एसजीपीटी नॉर्मल ठेवते. तिची वेगळी तपासणी आहे, ती कराच. आईला बी असेल तर बाळाला जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन द्यायचं असतं, म्हणून दवाखान्याला आधी माहीत हवं.

हळदीचं दूध, गुळवेलीचा काढा चालेल का?

हळदीच्या बाजारपेठेत बसून हळदीविरुद्ध मी काही बोलणार नाही. आमटी-भाजीतली, दुधातली चिमूटभर हळद खुशाल घ्या. डबीतल्या हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल ही निराळी गोष्ट. त्यांत मिरीचा अर्क घालून हळद रक्तात जास्त उतरेल अशी केलेली असते, आणि त्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीबद्दलही मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यावर वादही झाला. वाद मिटेपर्यंत पोटातल्या बाळाला त्यात कशाला ओढायचं? एसजीपीटी वाढलेलं असेल तेव्हा तर घेत असलेला प्रत्येक काढा, चूर्ण, पुडी डॉक्टरांना सांगा. 'ते काय औषध नव्हे' म्हणून बायका नेमकं तेच सांगत नाहीत.

आमची द्राक्षबाग आहे. फवारणीचा परिणाम रक्तात दिसतो का?

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या बायका विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. काही कीटकनाशकं, ऑर्गॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटातली, शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतात. ते रक्तात मोजता येतं. इथे आकडा वाढणं नव्हे, घटणं वाईट.

पण एक मेख आहे. गरोदरपणात प्लाझ्मातलं कोलिनेस्टरेज मुळातच साधारण पाव हिश्शाने उतरतं. त्यामुळे जरासा कमी आकडा आला की लगेच 'औषध लागलं' असं ठरवता येत नाही. आणि छाटणीनंतर डाऊनी-भुरीसाठी जी औषधं मारतात ती बहुतेक बुरशीनाशकं, ती या एन्झाइमला हात लावत नाहीत. म्हणजे आकडा चांगला आला म्हणून बागेतली सगळी औषधं निर्धोक ठरली असंही नाही. फवारणीच्या दिवशी बागेत जायचं नाही, औषधाचे कपडे धुवायचे नाहीत आणि जीएच्या डिपिंगला, म्हणजे घड वाढीच्या औषधात बुडवायला, बसायचं नाही, हे तपासणीपेक्षा जास्त उपयोगाचं. फवाऱ्यानंतर लाळ गळायला लागली, घाम सुटला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर रिपोर्टची वाट न बघता दवाखाना गाठा. सोबत औषधाचा डबा न्या.

डबल मार्करमध्येही एन्झाइम असतं म्हणे?

असतं, आणि मला ही गंमत सांगायला आवडते. डबल मार्कर म्हणजे बाळात डाऊन सिंड्रोमसारख्या जन्मजात दोषाची शक्यता बघणारी रक्ततपासणी. अकराव्या आठवड्यापासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंत होणाऱ्या या तपासणीत पीएपीपी-ए मोजतात. नावात नुसतं 'प्रोटीन' आहे, पण ते वारेतून येणारं, दुसरी प्रथिनं तोडणारं एन्झाइमच. फक्त इथे त्याचं काम नव्हे, प्रमाण मोजतात. तेवढ्याच दिवसांच्या इतर बायकांच्या मधल्या आकड्याशी तुलना करून पटीत लिहितात. कमी आलं तर डाऊन सिंड्रोमची शक्यता वाढलेली धरतात, शिवाय बाळाची वाढ आणि पुढे बीपी यांवर लक्ष ठेवतात. हे निदान नव्हे, शक्यतेचा हिशेब. सोनोग्राफीतले आठवडे चुकले तर सगळा हिशेब चुकतो.

वारेच्या एन्झाइमांवरून बाळाची तब्येत ओळखायची खटपट जुनीच. ऑक्सिटोसिन मोडणारं ऑक्सिटोसिनेज एके काळी त्यासाठी मोजत. सोनोग्राफी आणि डॉपलर आल्यावर ते मागे पडलं.

कालच रक्त दिलं, आज पुन्हा का बोलावलं?

बहुतेक वेळा चूक रक्त काढतानाची असते, तुमची नव्हे. शीर सापडत नाही म्हणून सुई फिरवली, पट्टा फार वेळ आवळला, सिरिंजमधून जोराने नळीत ढकललं, की तांबड्या पेशी फुटतात. नळी यंत्रात गरगरा फिरवल्यावर वर पिवळसर पाण्याऐवजी कोकम सरबतासारखं लाल पाणी दिसतं. त्यात एलडीएच आणि एसजीओटी खोटं वाढलेलं येतं, आणि हेल्पची शंका असलेल्या बाईत हा खोटेपणा परवडत नाही. पण रक्तवाहिनीत खरोखर पेशी मोडत असल्या तरी पाणी लालच दिसतं. म्हणून नमुना फेकून न देता आम्ही डॉक्टरांना कळवतो आणि नवा घेतो.

दुसरी चूक नळीची. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त पिवळ्या झाकणाच्या नळीत ओतलं की त्यातलं रक्त गोठू न देणारं रसायन फॉस्फटेजला लागणारं झिंक-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि आकडा कोसळतो. सुरुवातीच्या दिवसांत माझ्याच हाताखाली असा एक रिपोर्ट बाहेर गेला होता. नववा महिना आणि फॉस्फटेज १४! डॉक्टरांनी फोन करून विचारलं, 'वार कुठं गेली?' तेव्हापासून ओतलेला नमुना आम्ही घेत नाही.

उपाशी यावं लागतं का?

एसजीपीटी, एसजीओटी, एलडीएचसाठी नाही. बाईल अॅसिडसाठी डॉक्टर सांगतील तसं. जतहून सकाळची एसटी धरून आलेल्या गरोदर बाईने तर उपाशी राहूच नये.

सिझेरियननंतर सीपीके फार आलंय.

सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम. कळा आणि शस्त्रक्रिया, दोन्हींत ते वाढतं. छातीत दुखत नसेल, दम लागत नसेल, तर त्यावरून हृदयाची शंका घेऊ नका.

सरकारीत होतं का? पैसे लागतात का?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, २०११ पासून, सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या आवश्यक तपासण्या मोफत आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात. गावच्या केंद्रात एलएफटी झाली नाही तर सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जायला गाडी हवी असेल तर आशाताईंना सांगा, नाहीतर १०२ लावा.

रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर मिळेल का?

मिळेल. पण फोटो काढताना लोक फक्त चांदणीवाली ओळ काढतात आणि डॉक्टरांना तेवढीच पाठवतात. पूर्ण पान पाठवा, तारीख आणि वेळ दिसू द्या, आणि खाली कितवा आठवडा चालू आहे ते लिहा.